नाव घेऊन हसवणारा माणूस : ॲरिस्टोफेनिसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या ग्रीक नाटकांबद्दल लिहिताना ॲरिस्टोफेनिसचा उल्लेख ओझरताच आला होता, म्हणजे इतकंच की हा अथेन्सचा विनोदी नाटककार, इ.स.पू. ४४६ च्या आसपास जन्मला, चाळीसेक नाटकं लिहिली, त्यातली ११ आज पूर्ण मिळतात, आणि आपल्या काळातल्या सगळ्यात वजनदार पुढाऱ्याला त्याने भर स्टेजवर धुतलं. एवढ्यावर नागपुरातून इतके प्रश्न आले की हा पूर्ण कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. मला तर आनंदच आहे, कारण हा माझा फार जवळचा लेखक.

दादा, हा माणूस नुसता लिहायचा का स्वतः कामबी करायचा स्टेजवर? अन् येवढ्या मोठ्या पुढाऱ्याले बोलला त त्याले काही झालं नाही काय? (सक्करदरा)

झालं ना भाऊ, चांगलंच झालं. त्या पुढाऱ्याचं नाव क्लिऑन. गंमत म्हणजे दोघंही किडाथेनायॉन नावाच्या एकाच वस्तीतले, म्हणजे लांबून दगड मारणं नव्हतं हे. इ.स.पू. ४२६ मध्ये ॲरिस्टोफेनिसचं 'बॅबिलोनियन्स' हे नाटक मार्च महिन्यातल्या मोठ्या डायोनिशिया उत्सवात झालं. आता या उत्सवाला बाहेरगावचे लोक, अथेन्सच्या ताब्यातल्या शहरांचे प्रतिनिधी, खंडणी घेऊन आलेले, सगळे बसलेले असायचे, आणि त्यांच्यासमोर याने शहराच्या कारभाराची पोलखोल केली. क्लिऑनने त्याला कौन्सिलपुढे खेचलं, पाहुण्यांसमोर शहराची बेइज्जती केली म्हणून.

आणि याने काय केलं? पुढच्याच वर्षी 'अकार्नियन्स' आणलं, पण लेनाया नावाच्या हिवाळी उत्सवात, जेव्हा समुद्र खवळलेला असायचा आणि बाहेरचं कोणी यायचं नाही. नाटकात पात्र सरळ प्रेक्षकांना सांगतं की आज आपण घरचेच आहोत, परके अजून आलेले नाहीत, आता क्लिऑन माझ्यावर तो आरोप करू शकत नाही. पहिलं बक्षीस मिळालं. मला ही जागा फार आवडते कारण नुसतं धाडस कोणीही दाखवतो, पण कायद्यात कुठे जागा आहे ते बघून तिथे पाय रोवायचा याला डोकं लागतं.

मग इ.स.पू. ४२४ मध्ये 'घोडेस्वार'. यात क्लिऑन म्हणजे एक लबाड नोकर, त्याचा म्हातारा मालक म्हणजे अथेन्सची जनता, आणि या नोकराला हरवायला कोण आणलाय तर त्याच्यापेक्षा जास्त बेरका एक रस्त्यावरचा सॉसेजवाला. क्लिऑन तेव्हा लढाई जिंकून आलेला होता आणि थिएटरात पुढच्या रांगेत बसायचा मान त्याला मिळाला होता, त्यामुळे ज्याच्यावर नाटक तोच समोर बसून बघतोय, हा विचार केला की अंगावर काटा येतो.

आता ॲक्टिंगचं. 'घोडेस्वार'मध्येच एक ओळ आहे की या पात्राचा मुखवटा हुबेहूब नाही कारण मुखवटे करणाऱ्यांची करायची हिंमत झाली नाही, पण प्रेक्षक हुशार आहेत, ओळखतीलच. या ओळीवरून पुढे अशी गोष्ट तयार झाली की शेवटी ॲरिस्टोफेनिसनेच द्राक्षदारूचा गाळ तोंडाला फासून क्लिऑनचं काम केलं. ही गोष्ट पुष्कळ नंतरची आहे, अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, मीपण ठेवत नाही. पण दिग्दर्शन त्याने केलं हे पक्कं. सुरुवातीची नाटकं त्याने कॅलिस्ट्रेटस नावाच्या माणसाकडून बसवून घेतली आणि 'घोडेस्वार' पहिल्यांदा स्वतःच्या नावावर केलं, आणि एवढी वर्षं का थांबलो ते कोरसच्या, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या ताफ्याच्या, तोंडून सांगितलंय, की विनोदी नाटक बसवणं हे सगळ्यात कठीण काम, माणसाने आधी वल्हं मारायला शिकावं, मग नावेच्या टोकावर उभं राहून वाऱ्यावर लक्ष ठेवावं आणि मग सुकाणू हातात घ्यावं. विशीतला पोरगा होता तो हे लिहिताना.

एक मात्र सांगायलाच पाहिजे. 'घोडेस्वार'ला पहिलं बक्षीस देणाऱ्या त्याच अथेन्सकरांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं.

आमच्या इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत बडगे काढतात, पुढाऱ्यांवर, महागाईवर, भ्रष्टाचारावर. ग्रीकांचं असंच काही होतं का? (इतवारी)

फार नेमकं विचारलंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे निघतात, सोबत बडगे, तेही पुतळेच, त्यांच्यावर वर्षभराच्या रागाच्या पाट्या, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळी पीडा गावाबाहेर काढायची. अथेन्सच्या कॉमेडीचं मूळ याच जातीचं आहे. डायोनिसस या देवाच्या उत्सवात मिरवणुका निघायच्या, त्यात लिंगाची प्रतिमा घेऊन गाणी म्हणायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचे, आणि ॲरिस्टॉटलनेही कॉमेडीचा उगम या गाण्यांच्या म्होरक्यांपर्यंत नेलाय. नटांचा वेषही तसाच, पोट आणि ढुंगण कापड भरून फुगवलेलं आणि पुढे लोंबणारं चामड्याचं लिंग, बायकांची कामंही पुरुषच करणार. आजच्या डोळ्यांना विचित्र वाटेल पण तो देवाच्या उत्सवाचा भाग होता, कोणी लाजत नव्हतं.

पण पुढे त्यांनी एक गोष्ट केली जी आपण केली नाही. त्या टिंगलीला त्यांनी शहराची अधिकृत स्पर्धा बनवलं. इ.स.पू. ४८६ पासून डायोनिशियात कॉमेडीची स्पर्धा. २४ जणांच्या कोरसचा खर्च एका श्रीमंत नागरिकावर टाकलेला, जसा युद्धनौकेचा खर्च टाकायचे तसाच. परीक्षक १०, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, म्हणजे कोणाची सेटिंग नको. 'पक्षी' नाटकात तर कोरस परीक्षकांना धमकीच देतो, की आम्हाला जिंकवलं नाही तर डोक्यावर तांब्याचं छप्पर घालून फिरा, नाहीतर ज्या दिवशी पांढरे कपडे घालाल त्या दिवशी सगळे पक्षी मिळून तुमच्यावर शिटतील. पहिला नंबर आला नाही, दुसरा आला.

मारबत संध्याकाळपर्यंत जळून जाते, आणि तिचं काम तेच आहे. नाटक लिहून राहतं. आमच्या शहराच्या बडग्यांवरच्या पाट्यांची वर्षावार नोंद कोणीतरी नीट ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सॉक्रेटिसच्या मृत्यूला हाच माणूस जबाबदार, असं मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. बरोबर आहे का? (महाल, निवृत्त शिक्षक)

सर, अर्धं बरोबर आहे. 'ढग' हे नाटक इ.स.पू. ४२३ चं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून वर लटकतोय, सूर्याचा विचार करतोय, आणि फी घेऊन पोरांना खोट्याचं खरं करायला शिकवतोय. खरा सॉक्रेटिस फी घेतच नव्हता. खटला झाला इ.स.पू. ३९९ मध्ये, म्हणजे २४ वर्षांनी, त्यामुळे नाटकामुळे थेट फाशी असं म्हणता येत नाही. फाशी तरी कुठे, विषच दिलं. पण प्लेटोने सॉक्रेटिसचं जे बचावाचं भाषण लिहिलंय त्यात तो स्वतः म्हणतो की माझे आजचे आरोप करणारे बाजूला ठेवा, खरे धोकादायक ते जुने, ज्यांनी तुम्ही लहान असताना तुमचे कान भरले, आणि तिथे तो या नाटकाचा, हवेत लटकणाऱ्या सॉक्रेटिसचा, उल्लेख करतो. तेव्हा डाग आहेच. मला ॲरिस्टोफेनिस कितीही आवडत असला तरी इथे मी त्याची बाजू घेणार नाही. क्लिऑनकडे सत्ता होती, सॉक्रेटिसकडे काय होतं? अनवाणी फिरणारा माणूस.

तरी त्याच प्लेटोने 'सिंपोझियम'मध्ये ॲरिस्टोफेनिसला सॉक्रेटिससोबत एकाच मेजवानीत बसवलंय, त्याला उचकी लावलीय, आणि प्रेमावरचं सगळ्यात सुंदर भाषणही त्याच्याच तोंडी दिलंय, की माणूस मुळात जोडलेला होता, देवाने मधून कापला, तेव्हापासून प्रत्येकजण आपला दुसरा अर्धा भाग शोधत फिरतो. राग धरला असता तर हे लिहिलं नसतं.

आणि हे तुमच्या विद्यार्थ्यांना नक्की सांगा, की 'ढग' स्पर्धेत शेवटचं आलं, तिसरं. पहिलं कोण आलं ते ऐका. आदल्या वर्षी 'घोडेस्वार'मध्ये याने क्रॅटिनस नावाच्या ज्येष्ठ नाटककाराची टर उडवली होती, की म्हातारा संपला, दारुडा झाला, त्याला आता नुसतं बसवून ठेवा. म्हाताऱ्याने वर्षभर काही उत्तर दिलं नाही आणि मग एक नाटक आणलं, ज्यात क्रॅटिनस स्वतःच पात्र, कॉमेडी ही त्याची बायको, आणि ती तक्रार करतेय की नवरा मला सोडून दारूच्या मागे लागला. शिवी दिली तीच उचलून नाटक केलं आणि पहिलं बक्षीस नेलं!

आम्ही कॉलेजचा ग्रुप आहोत, एकांकिकेसाठी ॲरिस्टोफेनिस करायचा विचार आहे. कुठलं नाटक घेऊ? नावं, संदर्भ काहीच कळत नाहीत, लोक हसतील का? (धरमपेठ)

जसंच्या तसं कराल तर हसणार नाहीत. तळटीप वाचून कोणी हसत नाही. पण थोडी मेहनत घेतली तर सोनं आहे.

माझं मत, 'गांधीलमाशा' घ्या, इ.स.पू. ४२२ चं, आणि पूर्ण नाही, फक्त कुत्र्याचा खटला. गोष्ट अशी. एका म्हाताऱ्याला कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं व्यसन लागलंय. तेव्हा ज्युरीला दिवसाचे तीन ओबोल (तिथली छोटी नाणी) मिळायचे, तो दर क्लिऑनने वाढवलेला, म्हणून म्हातारा क्लिऑनचा कट्टर माणूस. पोरगा त्याला घरात कोंडून ठेवतो, पूर्ण घराला जाळी लावतो, म्हातारा धुराड्यातून निघायला बघतो आणि विचारलं कोण रे तर म्हणतो मी धूर आहे. शेवटी पोरगा म्हणतो बाबा, घरीच कोर्ट भरवू, घरच्यांचेच खटले चालवा. नेमका त्याच वेळी घरच्या कुत्र्याने सिसिलीचं चीज पळवून खाल्लेलं असतं. मग खटला उभा. फिर्यादी दुसरा कुत्रा, ज्याची खरी तक्रार ही की मला वाटा दिला नाही. साक्षीला स्वयंपाकघरातली भांडी, त्यात चीजची किसणी, तिला विचारतात की तू किसलंस ना, सगळ्यांना वाटलंस ना. आणि निकालाआधी आरोपीची केविलवाणी पिल्लं आणून उभी करतात, रडायला. अथेन्सच्या कोर्टात खरोखर आरोपी आपली लेकरं आणून रडवायचे. म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, तो म्हणतो आमटी गरम होती म्हणून.

दोन्ही कुत्री म्हणजे त्या काळची खरी माणसं, एक क्लिऑन आणि एक लॅकीस नावाचा सेनापती, सिसिलीच्या मोहिमेवरून परतलेला. तुमच्या प्रेक्षकाला हे कळायची गरज नाही. वाटा मिळाला नाही म्हणून भ्रष्टाचाराविरुद्ध ओरडणारा कुत्रा नागपुरात कोणाला समजावून सांगावा लागेल? किसणीच्या जागी आपली विळी घ्या, खलबत्ता घ्या, चीजच्या जागी खव्याचा गोळा.

दुसरी गोष्ट, कोरसची थेट बोलायची जागा सोडू नका. त्याच्या जुन्या नाटकांत मधेच गोष्ट थांबते, कोरस पुढे येतो आणि नाटककाराच्या वतीने सरळ प्रेक्षकांशी बोलतो, शहराबद्दल, परीक्षकांबद्दल, प्रतिस्पर्ध्यांबद्दल. 'शांती' नाटकात तर तो सगळ्या टकलूंना आवाहन करतो की आमच्या बाजूने या, कारण आमचा कवी टकला आहे. ही जागा भाषांतर करू नका, स्वतः नवीन लिहा. आपल्या शहराचं लिहा, आणि प्रयोगागणिक बदला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे कॉमेडियन हेच करतात, गावात गेल्यावर तिथलं काय चाललंय ते आधी विचारून घेतात आणि रात्री नाटकात टाकतात. वडसाला जाऊन दिवाळीनंतरच्या सीझनमध्ये एक रात्र पूर्ण जागून बघा, कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

संहिता मात्र वेळेत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा. सर्टिफिकेटशिवाय जाहीर प्रयोग करता येत नाही आपल्याकडे, आणि ऐनवेळी पळापळ होते.

'लायसिस्ट्राटा' हे स्त्रीवादी नाटक म्हणतात. खरंच का? आमच्या महिला मंडळाला करायचं आहे. (मानेवाडा)

ताई, जरूर करा. इ.स.पू. ४११ चं नाटक. दोन वर्षांपूर्वी अथेन्सची प्रचंड फौज सिसिलीत बुडाली होती, घराघरात मेलेले मुलगे. आणि हा लिहितो की अथेन्स आणि त्याचा शत्रू स्पार्टा, युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या बायका एकत्र येतात आणि नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, युद्ध थांबवेपर्यंत, अशी शपथ घेतात. वर तिजोरी असलेला किल्लाच ताब्यात घेतात, कारण पैसा थांबला की युद्ध थांबलं. स्त्रीवादी म्हणायला मी कचरतो, कारण बायकांवरचे जुनेच विनोदही त्यात आहेत, दारू पितात वगैरे, आणि काम करणारे सगळे पुरुष. पण लायसिस्ट्राटा स्वतः, ती कुठेही हास्यास्पद होत नाही. सरकारी अधिकारी तिला विचारतो की तुम्ही बायका राज्य काय चालवणार, तर ती सांगते, जशी लोकर साफ करतो तसं. आधी धुवून घाण काढायची, मग झोडून काटेकुटे काढायचे, पदासाठी गुठळ्या करून बसलेत ते पिंजून मोकळे करायचे, मग सगळ्यांना, परक्यांनासुद्धा, एका टोपलीत घालायचं, आणि त्या सुताचं जनतेसाठी वस्त्र विणायचं. तुम्ही लोकरीच्या जागी कापूस घ्या. सरकी, पिंजण, पेळू, सगळं आपल्या विदर्भातलंच आहे, हातात कापूस घेऊन ते भाषण केलं तर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल.

चावट भाग किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. पूर्ण काढला तर नाटक मरतं, एवढंच सांगतो.

आजच्या ग्रीसमध्ये असं कोणी आहे का? का हे सगळं म्युझियममध्येच? (प्रतापनगर)

म्युझियम अजिबात नाही. लाकिस लाझोपुलोस नावाचा नट-लेखक आहे, १९५६ चा जन्म, लारिसा गावचा. स्वतः लिहितो आणि स्वतःच करतो. १९९० च्या दशकात त्याची 'दहा छोटे मित्सोस' ही टीव्ही सिरियल तिथे घराघरात पोचली, ज्यात म्हातारीपासून सगळी वेगवेगळी ग्रीक माणसं तो एकटाच उभी करायचा. पुढे त्याने 'अल त्सांतिरी न्यूज' नावाचा शो काढला, बातम्यांची आणि पुढाऱ्यांची सरळ नाव घेऊन चिरफाड. ग्रीसमध्ये एपिथिओरिसी म्हणून रंगमंचाचा एक प्रकार आहे, गाणी, नकला, प्रहसनं आणि चालू राजकारणावर टोले, तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय, हा त्याच मातीतला माणूस.

आणि ॲरिस्टोफेनिस स्वतःही तिथे अजून लोकांना टोचतो. १९५९ मध्ये कारोलोस कून या दिग्दर्शकाने अथेन्सच्या जुन्या दगडी थिएटरात 'पक्षी' केलं, संगीत मानोस हाजिदाकिसचं. एका दृश्यात पुजाऱ्याचा मंत्र त्याने चर्चच्या चालीवर म्हणवला आणि एवढा गदारोळ झाला की मंत्र्याने पुढचे प्रयोग बंद केले. अडीच हजार वर्षं जुनं नाटक! तीनच वर्षांनी तेच 'पक्षी' पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात बक्षीस घेऊन आलं.

शेवटी त्याचं काय झालं? शिक्षा वगैरे? (जरीपटका)

शिक्षा नाही झाली. पण शहर हरलं. इ.स.पू. ४०५ मध्ये त्याने 'बेडूक' केलं, ज्यात नाटकांचा देव डायोनिसस चांगला कवी उरला नाही म्हणून थेट पाताळात जातो, वाटेत बेडूक "ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स" करत त्याला छळतात, आणि खाली मेलेल्या दोन कवींच्या ओळी चक्क तराजूत घालून तोलतात. या नाटकात कोरसने शहराला विनवलं होतं की नागरिकत्वाचे हक्क काढून घेतलेल्या आपल्या माणसांना परत घ्या, आता भांडायची वेळ नाही. लोकांना ते इतकं पटलं की नाटकाचा पुन्हा प्रयोग लावला, जे तेव्हा क्वचितच व्हायचं. पुढच्याच वर्षी अथेन्सने शरणागती पत्करली, तटबंदी पाडली गेली.

त्यानंतरची त्याची दोन नाटकं आपल्याकडे आहेत आणि ती वाचताना फरक लगेच जाणवतो. प्रेक्षकांशी थेट बोलणारा तो कोरस गेला. 'प्लूटस', इ.स.पू. ३८८ चं, त्यात कोरसच्या गाण्याच्या जागी संहितेत बऱ्याच ठिकाणी नुसतं "कोरस" एवढंच लिहिलंय. नावं घेणंही खूप कमी झालं. विषय मात्र जबरदस्त, संपत्तीचा देव आंधळा आहे म्हणून पैसा चुकीच्या माणसांकडे जातो, तर त्याचे डोळे बरे करा. शहरात पैसा उरला नव्हता, जुना आत्मविश्वास उरला नव्हता, आणि पुढाऱ्याला पहिल्या रांगेत बसवून शिव्या घालायला शहराकडे जी छाती लागते तीसुद्धा उरली नव्हती, असं मला ते वाचताना वाटतं. 'प्लूटस'नंतरची दोन नाटकं त्याने स्वतः आणली नाहीत, आरारोस या आपल्या मुलाच्या हाती दिली, लोकांना पोराची ओळख व्हावी म्हणून. मुलगाही पुढे कॉमेडीच लिहायचा.